पडद्यावरची अँब्युलन्स

आमच्या वहिनी कॉम्प्युटरवर शहर चालवायच्या. रस्ते, सिग्नल, डांबराखाली पुरलेले सेन्सर, गाड्यांनी सिग्नलला पाठवायचे संदेश, हे सगळं आधी पडद्यावर चालवून बघायचं आणि जमलं तर खऱ्या चौकात आणायचं. त्या शहरात ना हॉर्न, ना शिव्या. आपण फ्लॅट तिथेच घेऊ, असं मी चिडवायचो. मी अँब्युलन्स चालवतो. माझी गाडी येतेय हे सिग्नलला लांबूनच कळणार, म्हणून मी खुशीत होतो.

एरवी वहिनींचा आवाज कधी चढत नाही. एकदा जेवताना त्यांनी ताटच बाजूला सारलं. ऑफिसची किळस आली म्हणाल्या. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये एक सोय असते: गाडी कोंडीत फार वेळ अडकली की तिला अलगद उचलून पुढच्या मोकळ्या रस्त्यावर ठेवायचं. साहेबांनी ती सोय अँब्युलन्सलाही लावली होती. म्हणूनच अहवालातला प्रत्येक पेशंट वेळेवर पोचत होता. दादा म्हणाला, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? तो त्यांचा नवरा आणि माझा सख्खा भाऊ, पण त्या दिवशी मला त्याचं तोंड बघवेना.

मंजुरीच्या बैठकीत वहिनींनी ती सोय बंद केली. पडद्यावर चौक तुंबला. सिग्नल हिरवा, पण पुढच्या गाड्यांना सरकायला जागा नाही आणि अँब्युलन्स मधोमध उभी. साहेबांनी हसत हसत ती सोय चालू करायला सांगितली.

वहिनी म्हणाल्या, "करते. पण खरी गाडी माझा दीर चालवतो. त्याला कोण उचलणार?"

साहेबांनी दुसऱ्याला खूण केली, त्याने बटण दाबलं, अँब्युलन्स पोचली आणि टाळ्या पडल्या. निर्लज्जम् सदा सुखी, दुसरं काय! वहिनींना पार्किंगच्या तक्रारी ऐकायला बसवलं.

आता माझ्या गाडीत सिग्नलला संदेश पाठवणारा डबा बसलाय. सिग्नलने संदेश घेतला की त्यातून एक बाई गोड आवाजात सांगते, मार्ग मोकळा आहे. परवा चौकात अडकलो. पुढची बस हलेना. मागे एक म्हातारी ऑक्सिजनवर, शेजारी तिची मुलगी. डब्यातली बाई तेच तेच सांगत राहिली. शेवटी मुलीने मधली काच वाजवली.

"अहो, मार्ग मोकळा आहे म्हणतेय ना ती? मग तुम्ही थांबलात कशासाठी?"