शेजारच्या खुर्चीतला अंगठा

सलूनमध्ये शेजारच्या खुर्चीतले हवालदार माझ्या फोनमधले मेसेज अंगठ्यानं वर सरकवत होते आणि माझ्या गळ्यावर वस्तरा होता. ओढवून मीच घेतलं होतं. टीव्हीवर बातमी चालली होती की सरकार मोबाइल कंपन्यांना म्हणतंय, संशयितांच्या फोनची कुलपं उघडून द्या. फेसाळ तोंडानं मी म्हणालो, "द्यावीत की. ज्याला लपवायचं नाही, त्याला कुलूप कशाला?"

"मग द्या तुमचा, सर," हवालदार हसले. मीही ऐटीत उघडून दिला.

माझं काय असणार त्यात? दाढदुखीच्या तक्रारी आणि सुप्रभातचे मेसेज. मग धाकट्या बहिणीचा मेसेज आठवला. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून तिनं घर सोडलं होतं आणि नव्या खोलीचा पत्ता फक्त मला कळवला होता. तो नवरा हवालदारांच्याच गल्लीत राहतो. फोन माझा, पण त्या कुलपाच्या आड ती राहत होती.

अंगठा थांबला.

"हलू नका साहेब, कापेल," सलूनवाला म्हणाला.

हवालदारांनी फोन माझ्या मांडीवर पालथा ठेवला. "वाचलं नाही असं समजा, सर."

तेव्हापासून मी तसं समजतोच आहे. बहिणीला मात्र दुसरी खोली शोधायला सांगितलंय.