काट्यांच्या वाटेवर पांढरा चीक: मोखाडा-जव्हारचे तीन दिवस

दादाला त्र्यंबकच्या पलीकडे सायकल न्यायची होती आणि मला माझी टायरं उन्हात तपासायची होती. दोघांचं जमलं म्हणून मार्चमधली तीन दिवसांची सुट्टी मोखाडा आणि जव्हारसाठी ठरली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वय एक्कावन्न, बँकेत नोकरी. मागच्या वर्षी त्याच्या हृदयाचं एक छोटं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिलीय, पण "धाप लागली की थांबायचं" अशी अट घालून. ती अट तो पाळत नाही. म्हणून मी सोबत.

मी एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. टायरच्या वेडामागे तेच कारण आहे. नाशिकच्या बाहेर डोंगराच्या पायवाटांवर बाभळीनं आणि बोरीनं माझ्या इतक्या ट्यूबा फाडल्या की शेवटी ट्यूबच काढून टाकली. तिच्या जागी लहान मुलांच्या सायकलची ट्यूब मधोमध चिरून, हवा गळू नये म्हणून रिमवर पसरवायची, वर टायर चढवायचं, आत चिकाचं द्रावण ओतायचं. काटा घुसला की हवेबरोबर द्रावण भोकात शिरतं आणि तिथंच गोठतं. पुतण्यानं परदेशातून आणलेली बाटली उघडली, तर अमोनियाचा ओळखीचा वास आला. हा रबराचा चीक, अमोनिया तो पातळ ठेवतो, हे समजायला मला लेबल वाचावं लागलं नाही.

ट्यूब दादानंही काढली होती, पण आत घालायला त्यानं बाजारातून स्कूटरच्या ट्यूबमध्ये घालतात ती हिरवी जेली आणली होती. "तुझं दूध, माझं तूप," म्हणाला. "जाड असेल तेच टिकणार." मी सांगून पाहिलं की जेली वाळत नाही हे खरं, पण ती गोठतही नाही. भोकावर नुसती बसून राहते, आणि टायरच्या कडेला भोक पडलं तर तिथं पोचतच नाही. भाऊ थोरला असला की वाद लवकर संपतो.

पहिला दिवस: नाशिक ते मोखाडा

पहाटे निघालो. त्र्यंबकला पोहे आणि चहा, दोघांचे तीस रुपये. पुढे घाट उतरून मोखाडा तालुक्यात शिरलो की रस्त्यावरची वर्दळ एकदम विरळ होते. डांबर ठिकठिकाणी उखडलेलं आहे, पण दोन्ही बाजूंना जे दिसतं त्यापुढे खड्ड्यांची तक्रार करवत नाही. पानगळ झालेले साग, मध्येच पेटलेला पळस, आणि झाडाखाली वाकून मोहाची फुलं वेचणाऱ्या बायका. टोपलीतल्या फुलांचा गोड, जडसा वास सायकलवरून जाताना अंगावर यायचा. एका वळणावर दादा न सांगता थांबला. मला वाटलं धाप लागली. तो दरीकडे बघत होता. "वसू, इतक्या जवळ राहून आपण इथं कधी आलो नाही," एवढंच म्हणाला.

साठेक किलोमीटर कापून दुपारी मोखाड्यात पोचलो. लॉजची खोली दोनशे रुपये, पंखा चालू, पाणी बादलीतून. संध्याकाळी हवा भरायला पंप लावला, तर माझ्या मागच्या चाकात हवाच जाईना. एसटी स्टँडजवळ पंक्चरच्या दुकानात गेले. दुकानदार रघुनाथ, पन्नाशीचा, जीपची चाकं काढण्यात गुंतलेला. त्यानं व्हॉल्व्हची पिन फिरवून बाहेर काढली आणि उजेडात धरली. तिच्यावर पांढरा, रबरी गोळा बसला होता.

"हा डिंक कुठला घातलाव, ताई?"

मी सगळं सांगितलं. त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं: किती ओततात, किती दिवस टिकतं, उन्हात काय होतं. मी म्हणाले, एका चाकात सत्तर मिली, थंडीत तीन-चार महिने, आमच्या उन्हाळ्यात दोन महिने धरायचे. त्यानंतर टायर उघडून पाहिलं तर आत नुसता सायीसारखा पापुद्रा सापडतो.

त्यानं तारेनं पिन साफ केली. मग शांतपणे म्हणाला, "तुमी हवा भरताना व्हॉल्व्ह खाली ठेवता. सगळा चीक तिथंच जमा होतो. व्हॉल्व्ह वर आणायचा, दोन मिनटं थांबायचं, चीक खाली उतरू द्यायचा, मग पंप लावायचा."

दीड वर्ष मी हे द्रावण वापरत होते. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्यानं कॉम्प्रेसरची हवा मारली आणि पैसे घेतले नाहीत. "नवीन काय शिकलो तर पैसं कशाला," म्हणाला. शिकले तर मी होते.

दुसरा दिवस: पाड्याची वाट

मोखाडा-जव्हार डांबरी रस्ता पंचवीसेक किलोमीटरचा. आम्हाला आतली मातीची वाट धरायची होती. सकाळी साडेआठच्या सुमारास मुख्य रस्ता सोडला आणि करवंदीच्या जाळ्यांतून निघालो. पहिल्या दोन किलोमीटरमध्येच दादाचं पुढचं चाक बसलं. टायरच्या कडेला बोरीचा काटा आरपार गेला होता आणि हिरवी जेली भोकातून मुंग्यांच्या रांगेसारखी खाली येत होती. तो पंप मारायचा, जेली बाहेर यायची. चौथ्या खेपेला टायर रिमवरून सुटलं. हातपंपानं ते पुन्हा बसणं शक्य नव्हतं.

आंब्याखाली सायकल उलटी केली. दादाचा चेहरा लाल झाला होता. मी त्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि टायर उघडायला घेतलं.

तेवढ्यात मागून झपझप चालत एक बाई आल्या. पांढरी साडी, खांद्याला निळी लसपेटी. आरोग्य उपकेंद्राच्या भोये सिस्टर. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि न थांबता विचारलं, "किती वाजले तुमच्याकडे? माझं घड्याळ मागं पडतंय."

"नऊ दहा."

त्या थांबल्या. त्यांची नेहमीची प्रवासी जीप सीटा भरेपर्यंत सुटली नव्हती आणि नऊच्या लसीकरणाच्या सत्राला त्या अजून चार किलोमीटर लांब होत्या. पाड्यावरच्या बाया दहा वाजता रोजगार हमीच्या कामावर जातात. मागच्या महिन्यातही असंच झालं होतं, त्या पोचल्या तेव्हा अंगणवाडीसमोर कोणी नव्हतं. आणि पलीकडच्या पाड्यावर दोन मुलांना गोवर उठला होता.

"सात मुलं हायेत गोवराच्या डोसाची," सिस्टर म्हणाल्या. "आज चुकली तर पुन्हा महिना."

मी माझ्या सायकलकडे पाहिलं. मनात पहिल्यांदा आलं ते लिहिताना लाज वाटते: माझी सायकल, अनोळखी बाई, ही वाट. दादा माझ्याआधी बोलला.

"सिस्टर, सायकल चालवता येते?"

"जव्हारला शाळेत सायकलवर जायचे."

"वसू, दे त्यांना."

सिस्टरनी दोन्ही गिअर आणि ब्रेक एकदा हातानं दाबून पाहिले. भाताच्या आवणीच्या वेळी बायका खोचतात तशी साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली, पदर कमरेला बांधला, पेटी पाठीवर आडवी अडकवली. मी घाईघाईनं सांगायला लागले, "काटा लागला तर थांबू नका, काढू नका, चाक फिरत राहू दे—"

"ताई, मग पंक्चर नाय होणार?"

"होईल. आणि आपोआप बुजेल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कुणा देवऋषीचा अंगारा देत होते. मग पेडल मारलं. पहिल्या दहा हातांत सायकल डावीकडे, उजवीकडे झोकांड्या खात होती. वळणापर्यंत सरळ झाली.

मागे आम्ही दोघं. सोबत एकच ट्यूब होती. दादा म्हणाला, घाल लवकर. मी नाही म्हटलं. टायरच्या आतून फडका फिरवला, फडका अडकेल तिथं काटा. सात निघाले. ते न काढता ट्यूब घातली असती तर शंभर पावलांत गेली असती. जेली पुसायला माझा रुमाल आणि दादाचा टॉवेल लागला. अर्धा तास गेला. त्या सगळ्या वेळात मी एकच विचार करत होते: सिस्टर वाटेत कुठं पडल्या असतील तर? द्रावण चाललं नसेल आणि त्या चाक ढकलत उन्हात चालत असतील तर? मीच त्यांना सांगितलं होतं, थांबू नका.

दादाची सायकल हातात धरून चालत पाड्यावर पोचलो तेव्हा साडेदहा होत आले होते. अंगणवाडीसमोर बाया ओळीनं बसलेल्या, मांडीवर मुलं. एक मूल जिवाच्या आकांतानं रडत होतं. त्या आवाजानं मला इतका आनंद कधी झाला नव्हता. सिस्टर मान वर न करता म्हणाल्या, "सहा झाली. ही सातवी."

सातवीची आई कुदळ खांद्यावर घेऊन कामावर निघाली होती. सायकलवरून सिस्टर येताना दिसल्या तशी ती चढावरून परत फिरली. "सिस्टर सायकलवर! मी पैलं वळखलीच नाय," ती हसत सांगत होती. कामाचा खाडा होईल का, विचारलं तर म्हणाली, "मुकादम थांबंल. गोवर थांबंल काय?"

माझी सायकल भिंतीला टेकवलेली होती. मी खाली बसून चाक फिरवलं. पुढच्या चाकात सहा, मागच्यात पाच काटे. दोन्ही चाकं टणक. मी एक काटा उपसला. फस्स् करून हवा सुटली, पांढरा थेंब वर आला. भोक खाली येईल असं चाक फिरवून धरलं. मनात पाचपर्यंत मोजलं आणि आवाज बंद झाला. बाया जमल्या होत्या. एका म्हातारीनं बोटानं तो थेंब पुसला, दोन बोटांत चिकटवून ताणून पाहिला.

"उंबराचा चीक हाय हा," तिनं निकाल दिला.

"उंबराचा नाही आजी, दुसऱ्या झाडाचा. पण जात तीच."

"मंग आमाला काय सांगतेस," म्हणाली आणि सगळ्या हसल्या. पाखरं धरायला तिचा बाप उंबराचा चीक शिजवून काठीला लावायचा, हे तिनंच मग सांगितलं. दादा खाली वाकून माझ्या चाकातले काटे मोजायला लागला.

अंगणवाडीच्या ताईंनी नागलीची भाकर आणि लसणाची चटणी दिली, वर उडदाचं पातळ बेसनासारखं काहीतरी, ज्याचं नाव मी विचारायचं विसरले आणि चव विसरलेले नाही.

मुख्य रस्त्याकडे परतताना सिस्टर आमच्याबरोबर चालल्या. त्यांच्याकडे स्वतःची सायकल आहे, उपकेंद्राच्या मागच्या खोलीत. बाजूला का ठेवलीय? "दर खेपेला पंक्चर. पाड्यावर पंक्चरवाला नाय. पायी गेलेलं बरं."

दादा चालता चालता थांबला. "वसू, तुझ्या बाटलीत किती उरलंय?"

तिसरा दिवस: जव्हार

जव्हारच्या पठारावर मार्चमध्येही सकाळी हवा गार असते. राजवाडा, सूर्यास्ताचा कडा, बाजारातली काजूची दुकानं, सगळं बघण्यासारखं आहे. एका दिवसात होतं. आम्ही त्यातला बाजार तेवढा पाहिला. सकाळचा वेळ जव्हारजवळच्या सिस्टरच्या उपकेंद्राच्या ओट्यावर गेला.

सिस्टरची सायकल काळी, साधी, लेडीज. हिची ट्यूब काढायची गरज नाही. या सायकलींचा व्हॉल्व्ह अख्खा बाहेर येतो, वरच्या रबरी नळीसकट, म्हणजे वॉलट्यूबसकट. त्या भोकातून इंजेक्शनच्या, सुई काढलेल्या सिरिंजनं प्रत्येक चाकात साठ मिली चीक भरला. सिरिंज सिस्टरचीच, भरायचं कामही त्यांनीच केलं. माझ्यापेक्षा त्यांचा हात स्थिर होता. मी सांगत गेले: हवा भरताना व्हॉल्व्ह वर, दोन मिनिटं थांबायचं. वॉलट्यूब चिकटली तर नवीन घालायची. सायकल उन्हात ठेवायची नाही. मोठं भोक पडलं, खिळा वगैरे, तर चीक पुरणार नाही, तेव्हा पंक्चरवालाच. दोन महिन्यांनी पुन्हा भरायचा. त्यांनी लसीच्या नोंदवहीच्या शेवटच्या पानावर सगळं क्रमांक घालून लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं.

दुपारच्या एसटीनं नाशिक गाठलं. सायकली टपावर, त्यांचं लगेज तिकीट वेगळं लागतं, दोरी सोबत न्या.

घरी

जायचं असेल त्यांच्यासाठी एवढंच: रबराचा चीक निवडा, निघायच्या आदल्या दिवशी ताजा भरा, एक ट्यूब जवळ ठेवा, काटे काढायला फडका विसरू नका. होळीनंतर आणि मेच्या आधी जा, पाणी भरपूर न्या.

दादानं घरी आल्यावर जेली नळाखाली धुतली आणि स्वतः माझ्या बाटलीतून मोजून सत्तर मिली घेतलं. त्याला चढावर धाप लागली होती, हे त्यानं वहिनीला सांगितलं. मी नव्हतं सांगितलं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवलं, सगळं ठीक आहे, पण आता तो थांबतो.

मी परत त्याच कॉलेजात, त्याच बाटल्यांमध्ये. काम करताना कधीतरी ती पांढरी साडी वळणावर सरळ होताना डोळ्यांपुढे येते. मी त्या द्रावणाबद्दल दीड वर्ष बोलत होते, सगळं माझ्या सोयीचं, माझ्या सुट्टीचं. रघुनाथनं ते दोन-चार प्रश्नांत समजून घेतलं, सिस्टरनी दहा हातांत.

मेच्या सुरुवातीला उपकेंद्रातून फोन आला. नोंदवहीतली तारीख झाली होती, बाटली कुठं मिळेल ते विचारायला. मी म्हटलं, पाठवते, पण सायकल चालते का खरंच?

"चालते म्हणजे काय, ताई. आता पायी जायला लागत नाय, तर बुधवारी मी दोन पाडे करते."

मग पलीकडून कुणीतरी हाक मारली, लहान मूल रडायला लागलं, आणि सिस्टर "ठेवते हां" म्हणून गेल्या.