भरलेल्या गाडीला वाट

टाळेबंदीतला दुसरा शुक्रवार, सकाळचे साडेसात. डिचोलीतल्या आमच्या जोडघराच्या सामायिक व्हरांड्यात हजर: मी, शेजारचे काका आणि काकी. गैरहजर: काकींचा व्यायाम घ्यायला म्हापशाहून येणारी बाई, कारण रस्ते बंद.

"भरलेल्या गाडयेक आदी वाट," काका म्हणाले आणि काकींच्या खुर्चीशेजारी आपली खुर्ची लावून बसले.

हे त्यांचं नेहमीचं बोलणं. दोडामार्गाकडून येऊन त्यांनी पंचवीस वर्षं खाणीवर ट्रक चालवला. समोरून भरलेला ट्रक आला की रिकाम्याने कडेला थांबायचं, असा तिथला रिवाज. बासष्टाव्या वर्षीही ते पन्नास बैठका मारत. काकींना मात्र मांडीचं हाड मोडल्यापासून उठायला काकांचा हात लागे.

बाईंनी फोनवर सांगितलेलं मी कागदावर उतरवलं: हात न टेकता बस-ऊठ, भिंतीला रेटणं, टाचा उचलणं. काकींना पाच-पाच, काकांना तीस-तीस. काकांनी आपला रकाना खोडला. ती पाच करील तर मीही पाच, म्हणाले.

चौथ्या बैठकीला काकींचे पाय थरथरले की काका धापा टाकत. "थांब गो, मी दमलंय." काकी म्हणत, एवढा मोठा ड्रायव्हर आणि दम बघा. मग खुशीत विश्रांती घेत. काका माझ्याकडे बघून डोळा मिचकावत.

फाटकापलीकडे जाता येत नव्हतं. मुलगी कुडाळला अडकलेली. "चाळीस वर्सांत हेंचा तोंड इतक्या कधी बघूक नाय," काकी कुरकुरत. काका हसत. एकदाच, काकी आत असताना, ते मला म्हणाले, "बाय, माका काय झाला तर हिका उठवतलो कोण?" मी त्याच दिवशी पाचाचे सात केले.

सहाव्या आठवड्यात सातव्या बैठकीला ते भिंतीला टेकले. "थांब गो, मी दमलंय." काकी हसल्या. मीही हसले. डोळा मिचकावायची वाट बघत राहिले, तेव्हा त्यांचे ओठ निळसर दिसले.

रुग्णवाहिकेत सोबत कोणाला घेतलं नाही. स्ट्रेचर फाटकातून निघालं तेव्हा काकी खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. कुठेही हात न टेकता. काकांचं तोंड आमच्याकडेच होतं. त्यांनी पाहिलं की नाही, ठाऊक नाही. पाच दिवसांनी काका गेल्याचा फोन आला.

काकी आता दहा बैठका काढतात. परवा मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "ते पयल्यापासून खरेच दमत होते काय गो? मीच तेंका दमवलंय काय?"

खरं काय ते मला एकटीलाच माहीत आहे: आधीचं सगळं नाटक होतं, काकींसाठी, आणि खरं झालं त्या दिवशी मी हसत होते. दोन्ही एकाच वेळी सांगावं लागेल. मी म्हटलं, आधी तीन राहिल्यात त्या करूया.

त्या झाल्या. सांगायचं अजून राहिलं आहे.