गुपचूप पाणी

ऑफिसात कुणी रजेचा अर्ज टाकला आणि गोव्याला किंवा कोकणात जाणार असल्याचं बोलला, की हिलालभाऊ त्याच्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. हातात कँटीनचा चहा. त्यातला घोटभर ते सरळ टेबलावर सांडायचे आणि बोटानं पसरायचे. "ही वाळू. हा समुद्र. इथं लाट फुटते, पांढरी. तिकडंही फुटते, पांढरी. आणि मधे ही पट्टी, गुपचूप. लाट नाही, फेस नाही. आपल्याला वाटतं, वा, पोरांना घेऊन उतरायला ही जागा बरी. तिथंच उतरायचं नाही. किनाऱ्यावर आलेलं बठ्ठं, म्हणजे सगळं, पाणी तिथूनच परत जातं, माणसाला घेऊन." मग समोरच्याकडून वदवून घ्यायचे, "कुठं उतरायचं नाही?" नवं लग्न झालेली पोरं लाजत, हसू दाबत म्हणायची, "गुपचूप पाण्यात." तेव्हा कुठं खिशातून रुमाल काढून ते टेबल पुसायचे.

माझ्या टेबलावरची पाठवणीची कागदपत्रं या शिकवणीत कितीतरी वेळा भिजली. मी चिडायचे. जळगावहून समुद्र बघायचा तर रात्रभर गाडीत अंग आंबवून घ्यावं लागतं, आणि हा माणूस पाइपच्या कारखान्यात बसून भरती-ओहोटी शिकवतो! लोक त्यांच्या मागे हसत. मीही हसले आहे. पुढं कारण कळलं आणि मग माझं टेबल त्यांनी खुशाल भिजवावं असं वाटू लागलं.

हिलालभाऊ चोपडा तालुक्यातले, तापीकाठच्या एका गावचे. उंच, काळेसावळे, खांदे रुंद, शर्ट नेहमी खोचलेला. आमच्या कंपनीत ते शेतांवर ठिबक बसवून देण्याच्या कामावर होते. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. थोरली विधवा बहीण, अक्का, जळगावातलं त्यांचं घर सांभाळायची. धाकटा भाऊ भटू गावी केळी बघायचा. दोघं भाऊ लहानपणी केळीचे खांब दोरीनं एकत्र बांधून तापीच्या पुरात घालायचे आणि त्यावर उभे राहून पैलतीराला जायचे. बसून तर कुणीही जाईल, असं हिलालभाऊ म्हणायचे.

हे उभं राहणं पुढं कामाला आलं. कंपनीनं त्यांना नारळी-पोफळीच्या बागांना ठिबक बसवायला कोकणात धाडलं. ज्या गावात मुक्काम होता त्याचं नाव मी लिहीत नाही, तिथल्या लोकांचा काही दोष नाही. त्या गावची कोळ्यांची पोरं पर्यटकांना फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत यायला शिकवत, म्हणजे सर्फिंग. एके सकाळी हिलालभाऊंनी बनियन आणि अर्ध्या चड्डीवर फळी मागितली. पोरं आधी हसली. मुंबईचे तगडे जवान जिथं दिवसभर तोंडात वाळू घेऊन उठत होते, तिथं आमचे पन्नाशीला टेकलेले भाऊ थोड्याच वेळात उभे राहिले आणि पार वाळूपर्यंत आले. "केळीच्या खांबापेक्षा सोपं आहे, ताई," ते मला म्हणाले होते. "खांब गोल फिरतो. फळी बिचारी सपाट असते."

परतताना ते एक जुनी फळी विकत घेऊन आले, लक्झरीच्या टपावर बांधून. रिक्षावाला म्हणाला, "भाऊ, दरवाजा एकच आना?" ती गच्चीवर ठेवली गेली आणि उन्हाळ्यात अक्का तिच्यावर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालू लागली. हिलालभाऊ बिबड्या बाजूला सारून फळीला मेणबत्ती घासत बसत, पाय घसरू नये म्हणून. अक्का खालून ओरडायची, "बिबड्यासले मेन लागी जाई रे!" मी त्या बिबड्या खाल्ल्या आहेत. लागलं होतं.

दरवर्षी दिवाळीनंतर ते रजा काढून त्याच गावी जात. आल्यावर दोन-तीन दिवस चेहऱ्यावर एक निवांतपणा असायचा. मला पोहता येत नाही, समुद्राचं कौतुकही नाही, पण ते सांगू लागले की मी ऐकत बसायचे. "लाट आपल्यासाठी येत नाही. आपण नुसतं तिच्या वाटेत नीट बसायचं." आत जाऊन बसायचं, तेही समुद्राकडं तोंड करून. किनाऱ्याकडं पाठ. कारण येणारी लाट आधी दिसली पाहिजे. आणि त्या लाटांपलीकडे पोचायचं कसं? तर त्या गुपचूप पट्टीतून. फळीवर पोटावर झोपलं की ते पाणीच उचलून आत नेतं, हात मारायचीही फारशी गरज नाही. "आमची फुकटची रिक्षा," असं ते हसून म्हणायचे. हा शब्द त्यांनी नंतर कधीच उच्चारला नाही.

एका वर्षी त्यांनी घरच्यांना बरोबर नेलं. अक्का, भटू आणि भटूची बायको निर्मला. निर्मलेनं समुद्र पाहिलेला नव्हता. भटूनं टीव्हीवर पाहिला होता आणि त्याचं मत वाईट होतं. नुसतं वर-खाली करतं, पुढं कुठंच जात नाही, हे कसलं पाणी, म्हणे. हिलालभाऊंनी त्याला सांगितलं होतं, गुडघ्यापुढं जाऊ नको. तर तो म्हणाला, "तापीना पूरमा पोहेल मानूस शे मी. माले काय व्हस?"

नदीचा माणूस पाणी कसं वाचतो, हे हिलालभाऊंनी मला नंतर समजावून सांगितलं. नदीत पांढरं पाणी दिसलं की खाली खडक, तिथं जायचं नाही. शांत दिसतं तिथून उतरायचं. तापीवर लहानाचा मोठा झालेला कुणीही असंच करील. भटूनं तेच केलं. शिवाय त्यानं सकाळपासून बघितलं होतं, थोरला भाऊ दर खेपेला त्याच शांत पट्टीतून आत जातो. पाणी त्याला ओढू लागलं तसा तो काठाकडं तोंड करून सरळ हात मारत राहिला, नदीत मारायचा तसा. समुद्रात आडवं पोहून त्या पट्टीच्या बाहेर पडायचं असतं. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

हिलालभाऊ तेव्हा आत बसलेले. किनाऱ्याकडं पाठ.

"सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडं असतो, ताई," कँटीनमध्ये एकदा ते म्हणाले. कप पुढ्यात निवत होता. "किनाऱ्यावरचं बोलणंसुद्धा आत ऐकू येतं. नारळवाला गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होता, तेही मला ऐकू येत होतं. ओरडणं येत होतं, पण तिथं लोक आनंदानंही ओरडतात. माझं नाव कुणी घेतलं नाही. मग अक्काची हाक आली, हिलाल, भटू दिखत नही रे! पहिल्याच हाकेला वळलो. माणसाला आपलं नाव कुठूनही ऐकू येतं. पण तोवर पाणी कोरं होतं." कप बाजूला सारून पुन्हा म्हणाले, "कुणाचं लक्षच नव्हतं. बघितलं असतं, नावानं हाक मारली असती, तर मी होतोच ना तिथं." 

ही एवढी एक गोष्ट त्यांनी धरून ठेवली होती. कुणी हाक मारली असती तर मी वळलो असतो. नेलं मी, वाट दाखवली मी, पाठ केली ती मी, पण हाक आली असती तर मी वळलो असतो. तेवढ्यावर ते जेवत होते, कामावर येत होते, टेबलावर चहा सांडत होते. फळी त्यांनी तिथंच टाकून दिली. पुढं कधी समुद्रावर गेले नाहीत.

त्यांना खाऊन टाकलं ते निर्मलेच्या गप्प राहण्यानं. आणि इथं त्यांच्या घरची रीत सांगायला हवी. धाकट्या भावाच्या बायकोनं जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायचं नाही. समोर आला तर पदर पुढं ओढायचा, त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, काही सांगायचं झालं तर तिसऱ्याकडून सांगायचं. हल्ली तालुक्याच्या गावात सुना मोटारसायकली फिरवतात, पण या घरात ही रीत टिकून होती, आणि कुणाला तिचा जाचही वाटत नव्हता. लग्न होऊन आल्यापासून निर्मला त्यांच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. भटू गेल्यावरही बोलली नाही.

"आता मी कसं ओळखायचं, ताई?" ते मला विचारायचे. "आधी बोलायची आणि आता सोडलं असतं, तर कळलं असतं की राग आहे. ही आधीही गप्प आणि आताही गप्प. माफ केलं की नाही, हे मला कुणी सांगायचं?" दर रविवारी ते गावी जाऊन केळीच्या बागेचं बघत आणि निर्मलेच्या हातचं जेवून येत. ती ताट उंबऱ्याच्या अलीकडं सरकवून आत जायची. सोमवारी ते माझ्यापुढं त्या ताटाची चिकित्सा मांडत. काल भाकरीवर लोणी होतं. काल ठेचा नव्हता. ताट ठेवताना आवाज झाला. "तुम्ही बाईमाणूस आहात, तुम्हाला काय वाटतं?" मी सांगायचे, भाऊ, लोणी म्हणजे लोणी. त्यांना ते पटायचं नाही. मी एकदा म्हटलं, सरळ विचारा ना तिला. तर माझ्याकडं असं पाहिलं, की मीच काही वावगं बोलले.

निवृत्त झाल्यावर त्यांचं हृदयाचं दुखणं निघालं. जळगावच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. मी दुपारी मोसंब्या घेऊन गेले, तर अंगानं निम्मे झालेले हिलालभाऊ उशीला टेकून बसले होते. थकलेल्या अक्काला घरी पाठवून निर्मला डबा घेऊन आली होती आणि पदर ओढून दाराशी उभी होती. डबा माझ्या हातात देऊन ती निघेल असं मला वाटलं. ती निघाली नाही. भिंतीकडं तोंड करून, जणू भिंतीलाच सांगावं तसं, ती बोलायला लागली.

"भाऊ, त्या रोजले मी बठ्ठं दखं."

हिलालभाऊंनी उशीवरून मान उचलली.

"मन्हा मालक वर येत, खाले जात. हात हालाडत. मी तठेच उभी व्हती. तुम्ही सामने बसेल व्हता. नाव घिसन हाक मारती तर तुम्ही फिरता. नाव मन्हा तोंडमा उनं बी व्हतं." तिनं पदर आणखी पुढं ओढला. "पन जेठनं नाव कसं ल्हेवानं? गिळी टाकं. अक्काले धुंडाले पळत गयी. अक्का लवकर सापडनी नही. आतेलोंग काय तोंडवरी बोलू तुम्हनासंगे?"

मी डबा धरून उभी. मला भाऊंच्या चेहऱ्याकडं बघवेना, आणि न बघताही राहवेना. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीला धरून हा माणूस उभा होता, तीच गोष्ट ती त्यांच्या पुढ्यात उघडत होती. वेळ होता. कुणीतरी बघत होतं. नावानं एक हाक, आणि भटू आज केळीत पाणी सोडत असता. आणि ती गप्प होती ती रागानं नव्हती, तर याच ओझ्याखाली. त्यांना सगळं एका क्षणात समजलं, हे मला त्यांच्या हातावरून कळलं. चादर मुठीत आवळली गेली होती.

मग मूठ सुटली.

"येडी शे का तू, माय?" ते म्हणाले. आवाज अगदी साधा, रोजचा. "तठे आतमा काहीच आयकू येत नही. लाटास्ना गलका इतला ऱ्हास, मानूसले सोतानं नाव बी आयकू येत नही. तू गळा फोडीसन हाक मारती, तरी माले आयकू येती नही."

निर्मलेनं पहिल्यांदाच मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. "आन् अक्कानी हाक?"

"ती कथानी हाक? मी सोताच फिरनू. लाट नव्हती, म्हनीसन फिरनू."

ती खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली. हिलालभाऊ माझ्याकडं बघत होते. तेवढं मला पुरलं. मी डबा उघडला. कळण्याची भाकरी होती आणि वर लोण्याचा गोळा. या खेपेला त्यांनी त्याचा अर्थ विचारला नाही.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. दशक्रियेला मी त्यांच्या गावी गेले. तापीचं पाणी संथ होतं, काठावर माणसं बसली होती. परत निघताना निर्मला मला फाट्यापर्यंत सोडायला आली. वाटेत दोन्ही बाजूंना केळी. मधेच थांबून ती मला म्हणाली, "ताई, तुम्ही शिकेल बाई. भाऊ म्हनेत, समुद्रमा हाक आयकू येत नही. खरं शे का ते?"

मला त्यांचा कँटीनमधला निवत चाललेला चहा आठवला. जमिनीवरून येणारा सकाळचा वारा, नारळवाल्याची घासाघीस. मी समुद्रात गुडघ्यापुढं कधी गेलेले नाही.

"खरं आहे," मी म्हटलं. "तिथं काहीच ऐकू येत नाही."