न्हाणीघरात मिटलेला कंदील

त्या दुपारी किनुएबाईंचे पाय जमिनीवर नव्हते, आणि का असावेत? गिफू शहरातल्या त्यांच्या आळीचा, पणजोबांच्या काळातला कंदील त्यांच्या हातून अखेर दुरुस्त होऊन पुरा झाला होता. किडलेली बांबूची कडी काढून नवी घातली होती, वर पातळ कागद खळीने चिकटवला होता. उन्हाळाभर बाईंना दुसरं काही सुचलं नव्हतं.

पण आळीचे म्होरके, म्हातारे साकामाकी महाखट. संध्याकाळच्या जत्रेत प्लास्टिकचा कंदील मिरवायचा नि जुना काचेच्या कपाटात ठेवायचा, असं त्यांनी ठरवूनच टाकलेलं. त्यावर किनुएबाई कडाडल्या होत्या, की मेणबत्ती न लागणारा कंदील म्हणजे नुसतं टोपलं. शेवटी तडजोड झाली. मेणबत्ती लावायला असा कंदील मिटावाच लागतो. सगळ्यांसमोर कंदील न फाटता मिटला आणि उघडला, तरच तो जत्रेत मिरवायच्या काठीवर चढेल.

मंडळी जमली. कडी ज्यावर बसवली होती तो आतला लाकडी साचा बाईंनी फळी फळी करून कंदिलाच्या तोंडातून काढला आणि वरून हलकेच दाबलं. कर्र. कागद पापडासारखा कडक झाला होता. उत्साहाच्या भरात त्यांनीच तो सकाळपासून कोरड्या वाऱ्यात टांगला होता. अशी चूक नवशिक्यानेही केली नसती.

"राहू द्या आता," साकामाकी म्हणाले. "कपाटात शोभेल तो."

"दम धरा जरा," म्हणत बाईंनी कंदील कवटाळला आणि निघाल्या की तरातरा, थेट ओरिएच्या सार्वजनिक न्हाणीघरात, बायकांच्या बाजूला. पुरुषमंडळी पडद्यापाशीच अडली. पुढे जायची कुणाची छाती?

गल्ल्यावरून ओरिए, त्यांची बालमैत्रीण, खेकसली, की भवाने, हे धूड इथे कुठे आणलंस? पण लगेच तिनेच आतलं दार सरकवून वाफ बाहेर सोडली. वाफ कमी पडली तर कागद फाटणार, जास्त झाली तर खळ सुटणार. बाई गालाने कागद चाचपत राहिल्या. तो मऊ लागला तसं त्यांनी दाबलं. एक कडं बसलं, दुसरं बसलं. टॉवेल गुंडाळलेल्या बायका माना उंचावून बघत होत्या. अख्खा कंदील थाळीसारखा मिटला, आणि जो काही गलका झाला म्हणता!

बाहेर येऊन बाईंनी तो साकामाकींच्या नाकासमोर उघडला. एक चीर नाही. म्हातारा कितीतरी वेळ कागदावरून हात फिरवत राहिला.

मग त्याने किमोनोच्या बाहीतून मेणबत्ती काढली.

"घरून निघतानाच घेतली होती," तो पुटपुटला. "लावा तुम्हीच."