वेल्ह्याच्या रस्त्यावरचं वाळवंट

माझ्या धाकट्या बहिणीनं आम्हाला दोन दिवस रिसॉर्टवर न्यायचं ठरवलं, तेव्हा माझी लेक चौथीत होती आणि तिला दिवाळीची सुट्टी लागली होती. धाकटीचं सासर पुण्यात. तिच्या नवऱ्याचं फर्निचरचं दुकान, दारात गाडी, दोघांकडं दोन मोबाईल. आमचं घर नसरापुरात. यांचं हायवेला पंक्चर काढायचं दुकान आणि मी घरात शिलाई मशीन चालवायची. धाकटीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण मूल नव्हतं. माझी लेक ही तिची एकुलती एक भाची.

"आपा, तू फक्त कपडे भर," ती फोनवर म्हणाली. "बाकी काही आणायचं नाही."

ती 'नाही' म्हणाली. आम्ही दोघी भोरला लहानाच्या मोठ्या झालो. आमच्या घरात सगळे 'न्हाई' म्हणायचे. धाकटी पुण्याला गेली आणि तिचं 'न्हाई' तिकडंच कुठंतरी गळून पडलं. गाडीचं, मोबाईलचं मला एवढं काही वाटत नव्हतं. ते 'नाही' मात्र टोचायचं.

जायच्या आधी मी लेकीला नवा फ्रॉक शिवला. उरल्यासुरल्या कापडाचा नव्हे, भोरच्या बाजारातून मुद्दाम मोरपंखी कापड आणलं होतं. भरपूर घेर, गळ्याला पायपिंग, पाठीमागं मोठा बो. लेक तो घालून आरशापुढं गिरक्या घेत राहिली. मला बरं वाटलं.

ठरल्या दिवशी धाकटी आणि तिचा नवरा गाडी घेऊन आले. लेक न विचारता पुढं जाऊन धाकटीच्या मांडीवर बसली. मागं मी आणि हे. गाडी वेल्ह्याच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंनी भातकापणी चालली होती, बांधावर पेंढ्या पडल्या होत्या. पुढं लेक आणि धाकटी कसलंसं गाणं म्हणत होत्या. ते लेकीला कधी येत होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

एका वळणानंतर एकाएकी वाळवंट लागलं. कुणा हौशी माणसानं वेल्ह्याच्या डोंगरात राजस्थानातलं खेडं उभं केलं होतं. मातीच्या रंगाच्या भिंती, त्यांवर पांढरी नक्षी, आरशाचे तुकडे, गवताच्या टोपीसारख्या छपरांच्या गोल झोपड्या. मधोमध ट्रकनं आणून ओतलेली वाळू आणि तिचे ढीग. तारेच्या कुंपणापलीकडं लगेच भाताचं खाचर होतं आणि बायका वाकून भात कापत होत्या. त्यांतल्या एकीनं कंबर सरळ करून आमच्याकडं पाहिलं आणि पुन्हा खाली वाकली.

दारात लाल-पिवळा फेटा बांधलेला माणूस हात जोडून पुढं आला. "पधारो सा, पधारो!" मग त्याची नजर यांच्यावर गेली. "आयला, तुमी व्हय! मागच्या आटवड्यात माज्या गाडीचं पंक्चर तुमीच काढलं की."

दोघं हसायला लागले. लेक मात्र हिरमुसली. "अब्बू, हा राजस्थानचा न्हाई?"

धाकटीनं तिच्या कानाशी तोंड नेलं. "फाटकाच्या आत आलं की सगळे राजस्थानचेच. तूसुद्धा."

लेकीचा चेहरा लगेच खुलला. मला वाटलं, हे मला का सुचलं नाही? मी तर 'न्हाई, हितलाच हाय तो' एवढंच सांगून मोकळी झाले असते.

आत एक छोटं दुकान होतं. आम्ही खोल्यांच्या किल्ल्या घेईपर्यंत धाकटी लेकीला घेऊन त्यात शिरली. बाहेर आल्या तेव्हा लेकीच्या अंगावर आरसे लावलेला घागरा आणि डोक्यावर लाल ओढणी होती. माझा फ्रॉक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून धाकटीनं माझ्या हातात दिला. "आपा, हा नीट ठेव, मळेल."

मी घागरा हातात धरून पाहिला. टाके मोठमोठे, कडा तशाच सोडलेल्या. एका धुण्यात उसवला असता. "छान हाय," मी म्हणाले.

उंट एकच होता. त्याच्या गुडघ्यांना चिखल लागला होता आणि तो सारखा खालचा ओठ हलवत होता. त्याच्यावर दोघांना बसता यायचं. लेकीनं चपला काढून माझ्याकडं दिल्या, धाकटीनंही दिल्या. उंट मागच्या पायांवर उठला तशा दोघी पुढं कलल्या आणि लेक किंचाळून धाकटीला बिलगली. गावात म्हैस अंगावर आली, फटाका फुटला, की ती धावत येऊन माझा पदर धरायची. आता तिनं दोन्ही हातांनी धाकटीची कंबर घट्ट धरली होती आणि मी खाली दोन जोड चपला घेऊन उभी होते.

"पुढच्या फेरीला तू बी बस की," हे म्हणाले.

"कशी बसू? हातात चपला हायेत."

त्यांनी चपलांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

संध्याकाळी कळलं, की धाकटीच्या झोपडीत झोपाळा आहे, आमच्यात नाही. "अम्मी, मी खालाकडं झोपू?" लेकीनं विचारलं मला, पण बघत होती धाकटीकडं. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

सकाळी तिला उठवायला गेले, तर ती आधीच उठलेली. झोपडीच्या पायरीवर धाकटी बसली होती, तिच्या गुडघ्यांत लेक, आणि वेणी चालली होती. घरी हीच पोरगी कंगवा दिसला की पळायची. भांग पाडताना तिच्या रडण्यानं शेजारीण डोकावून जायची. इथं मान मागं टाकून, डोळे मिटून बसली होती. धाकटी बोटं पाण्यात बुडवून एकेक बट सोडवत होती, आधी टोकाकडून, मग वरून. तशी बट सोडवायला धाकटीला मीच शिकवलं होतं. आमच्या अम्मांची नजर अधू झाली तेव्हा मी दहावीनंतर शाळा सोडून घर हातात घेतलं. धाकटीचे केस मी विंचरायची, तिचा डबा मी भरायची, आणि ती दप्तर घेऊन शाळेत, नंतर कॉलेजात जायची. तेव्हाही मी दारात उभी राहून तिच्या पाठमोऱ्या वेणीकडं बघायची. आताही तशीच उभी होते. फक्त या वेळी वेणी माझ्या लेकीची होती.

"अम्मी, बघ, अजिबात दुखलं नाही," लेक डोळे न उघडता म्हणाली. 'नाही' म्हणाली तीही.

दुपारी जेवायला खाली गादीवर बसवून पुढं चौरंग मांडले. फेटेवाले वाढपी आग्रह करकरून दाल-बाटीवर तूप ओतत होते. लेक पटकन जेवून उंटाकडं पळाली. ती गेल्यावर धाकटीच्या नवऱ्यानं हात पुसले.

"आपा, एक बोलायचं होतं. राग मानू नका. पाचवीपासून पोरीला आमच्याकडं पाठवता का? घराजवळ इंग्रजी शाळा आहे, चांगली आहे. शनिवार-रविवार तुमच्याकडं, बाकी आमच्याकडं."

धाकटी ताटाकडं बघत होती. मी यांच्याकडं पाहिलं. हे बाटी कुस्करत होते, केव्हाची कुस्करून झालेली बाटी पुन्हा पुन्हा कुस्करत होते.

"तुमाला ठाऊक व्हतं?"

"मागच्या जुम्म्याला साडू दुकानावर आले व्हते," हे हळूच म्हणाले. "म्या म्हनलं, पोरीच्या अम्मीला इचारा."

मी ताटावरून उठले. वाळूच्या ढिगाजवळ लेक उंटाला हिरवा पाला दाखवत होती. मी तिला काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "अम्मी, खालाकडं माझी वेगळी खोली असणार. टेबलपण." म्हणजे तिलाही सांगून झालं होतं. सगळ्यांना माहीत होतं. दोन दिवस मी ज्याला मौज समजत होते, ती माझी मनधरणी होती.

मी झोपड्यांच्या मागं गेले. तिथं दोऱ्यांवर वाढप्यांचे धुतलेले फेटे लांबच्या लांब वाळत घातले होते. थोड्या वेळानं धाकटी आली आणि त्या लाल-पिवळ्या कापडांच्या मधे माझ्यासमोर उभी राहिली.

"आपा, मी तिला हिरावून घेत नाहीये."

"तुला काय कमी हाय?" माझ्या तोंडून निघून गेलं. "घर हाय, गाडी हाय. आता माझी लेक बी पायजे?"

ती पांढरी पडली. मग बोलली ती आमच्या भोरच्या घरातल्या भाषेत.

"मला काय कमी हाय ते तुला ठाऊक हाय, आपा. तू माझ्यासाटी साळा सोडलीस. मला समदं दिलंस. पर तू दिलंस, हे एक दिस मला इसरू दिलं न्हाईस."

"म्या कवा बोलून दाखवलं?"

"बोलून न्हाई. तू गप बसून दाखवतीस."

एक वाढपी वाळलेले फेटे काढायला आला. आम्ही दोघी बाजूला झालो, त्यानं कापडं गोळा केली आणि तो गेला. मग आम्हाला एकमेकींच्या समोर उभं राहण्यासारखं काही उरलं नाही.

परत येताना गाडीत कुणी गाणं म्हटलं नाही. घरी आल्यावर मी यांना विचारलं, "मला आदी का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस," हे म्हणाले. ते खरं होतं, म्हणून मला आणखीच राग आला.

मी नकार दिला आणि विषय मिटला असं धरून चालले. लेकीनं हट्ट केला असता, आदळआपट केली असती, तर मला सोपं गेलं असतं. तिनं काहीच केलं नाही. शाळेत जाई, येई, अभ्यास करी. खालाचं नाव माझ्यासमोर काढत नसे. शेजारच्या टेलिफोन बूथवर धाकटीचा फोन आला आणि तिथला पोरगा बोलवायला आला, की तिची नजर आधी माझ्याकडं वळायची. जाऊ का, हसू का, हे ती माझ्या तोंडावर शोधायची. मी कधीच तिला अडवलं नाही. मी फक्त मशीनवर मान खाली घालून बसायची. एक दिवस ती तशीच माझ्याकडं बघत उभी राहिली आणि फोन घ्यायला गेलीच नाही. "असू दे, नंतर करेल ती," म्हणाली आणि दप्तर उघडून बसली. दहा वर्षांची पोर, आनंद व्हायच्या आधी माझं तोंड बघत होती. धाकटीचं ते गप बसून दाखवण्याचं वाक्य तेव्हा मला पहिल्यांदा नीट समजलं.

मे महिन्यात मीच बूथवर जाऊन फोन लावला. "शाळेचं बघ," एवढंच म्हणाले.

लेक गेली. दर शनिवारी यायची, नवे शब्द घेऊन, नव्या सवयी घेऊन. चहात बिस्किट बुडवायची बंद झाली, झोपताना दिवा चालू लागायला लागला. तिच्या तोंडी सारखं 'खाला म्हणते' असायचं. माझा जळफळाट काही कमी झाला नाही. रविवारी दुपारनंतर मी तिची पिशवी भरताना मुद्दाम एखादी वस्तू जास्त भरायची, लोणचं, शेव, मी शिवलेला फ्रॉक, काहीही. पुण्यात तिच्या त्या खोलीत माझं काहीतरी असावं म्हणून.

पावसाळ्यात तिला ताप भरला. पहिले दोन दिवस धाकटीनं कळवलंच नाही. डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला, मग फोन केला. हे मला घेऊन पुण्याला गेले. जाताना वाटभर मी धाकटीला काय काय बोलायचं ते जुळवत होते. न कळवल्याबद्दल, पोरीला बाहेरचं खाऊ घातल्याबद्दल, सगळ्याबद्दल.

दार धाकटीनंच उघडलं. केस विंचरलेले नव्हते, डोळे खोल गेले होते, अंगावरच्या साडीला औषधाचा डाग. मी चपला काढून सरळ आत गेले. खोलीत लेक गाढ झोपली होती. कपाळावर ओली पट्टी, उशाशी वाटी, थर्मामीटर, सोललेली मोसंबी. मी उशाशी बसले, धाकटी पायाशी. यांना आणि धाकटीच्या नवऱ्याला औषधं आणायला पाठवलं. पंखा फिरत होता. थोड्या वेळानं पाहिलं तर धाकटी बसल्या बसल्या, भिंतीला डोकं टेकून झोपली होती, एक हात लेकीच्या तळपायावर तसाच. मी तिला हलवलं नाही. लहानपणी अम्मा आजारी पडल्या की मी अशीच झोपायची, हे मला आठवलं.

लेक चाळवली. "पाणी," म्हणाली. हाक कुणाच्याच नावानं नव्हती.

मी उठले, पण या घरात ग्लास कुठं, उकळलेलं पाणी कुठं, मला काही ठाऊक नव्हतं. मी टेबलाकडं, खिडकीकडं बघत राहिले. धाकटी तोवर उठली होती. धड जागीही नव्हती. बाहेर गेली, कोमट पाण्याचा पेला घेऊन आली आणि लेकीजवळ न जाता तो माझ्या हातात दिला.

"तू पाज," ती म्हणाली. "सावकाश. एकदम दिलं की ओकते."

मी लेकीची मान हातावर घेतली आणि सावकाश पाजलं. धाकटी पट्टी भिजवून पिळायला लागली.