टोंगातली आत्या

पुस्तकाचं काम मी घेतलंय हे कळल्यावर माझा धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "टांग्यावर पुस्तक? अक्का, मिरजगावात आता टांगा हाय कुठं?"

"टांगा नाही रे बाबा, टोंगा. देश आहे तो. प्रशांत महासागरात."

"असं व्हय. मंग तिथं आपलं कोन हाय?"

तिथं आपलं कुणी नव्हतं, आणि म्हणूनच ते काम माझ्यापर्यंत आलं. पुण्याच्या एका प्रकाशनानं शाळांच्या ग्रंथालयांसाठी छोट्या देशांची छोटी पुस्तकं काढायचं ठरवलं होतं. ज्या देशांत कुणाचा ना कुणाचा मुलगा नोकरीला आहे ते देश आधीच वाटले गेले. टोंगा उरला. शेवगावच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाईला कुठलाही देश परका नसतो, असं मी संपादकबाईंना ठणकावून सांगितलं. त्या हसल्या. मी मात्र गंमत करत नव्हते.

आणि खरं सांगते, देश भेटला तो फार झ्याक. दीडशेच्या वर बेटं, त्यांतल्या थोड्यांवरच माणसं राहतात. आजूबाजूची सगळी बेटं गोऱ्यांनी गिळली, पण टोंगाचा राजा गादीवरून हलला नाही. इंग्रजांनी संरक्षण करतो म्हणून मध्ये बरीच वर्षं लुडबुड केली, तरी राजा राहिला तो राहिलाच. हे लिहिताना माझीच छाती उगाच फुगली. रविवारी सगळा देश बंद, आणि हे त्यांच्या राज्यघटनेतच लिहिलेलं. पुरुष मानाच्या ठिकाणी जाताना कमरेला चटई गुंडाळतात. चटई आजी-पणजीच्या वेळची, विरलेली असेल तर तिचा तोरा अधिक. बायका झाडाची साल लाकडी मोगरीनं कुटून तिचं कापड करतात, अंगणभर लांब, आणि तेच त्यांचं धन. लग्न असो नाहीतर मयत, त्या कापडाशिवाय पान हलत नाही.

दगडांचंही एक लिहिलं. तीन प्रचंड शिळांची एक कमान तिथं शेकडो वर्षं उभी आहे. आपल्यामागं दोन मुलांत भांडण होऊ नये म्हणून एका राजानं ती उभारली, असं सांगतात. म्हटलं वा रे वा, मुलांसाठी एवढाले दगड, आणि मुलींसाठी?

तर मुलींसाठी होतं! पुढचं प्रकरण घराघरांतल्या नात्यांचं होतं आणि तिथं मी खुर्चीतून उठलेच. जुन्या काळी त्या देशात राजाहूनही राजाच्या थोरल्या बहिणीचा मान मोठा होता. साध्या घरातही तेच. बापाची बहीण, म्हणजे आत्या, ही घरात सगळ्यांत वरची. लग्नात तिला पुढची जागा, मयतात उत्तम चटया तिच्यापुढं. भावाच्या लेकराचं नाव ठेवायचा मान पुष्कळदा तिचाच. तिचा शाप लागला तर भाचीला मूल होत नाही, म्हणून तिला कुणी दुखवत नसे. तिच्या पोरांनी मामाच्या घरातलं काहीही उचलावं, मामानं हूं की चूं करू नये. आता आमच्या पोरांनी उन्हाळाभर मामाकडं दुसरं काय केलं होतं? मी ताबडतोब भावाला फोन लावला आणि म्हटलं, "ऐक, टोंगात मी राजाच्या वर आहे."

"हितं तरी कुठं खाली हायस?" तो म्हणाला.

मग जमिनीचा भाग आला. तिथली जमीन सगळी राजाची. मुलगा सोळा वर्षांचा झाला की शेतीचा तुकडा मागायचा हक्क त्याला कायद्यानं मिळतो, आणि बापामागं तो मुलाकडं जातो. मुलींना नाही. मी लिहिलं, "टोंगामध्ये जमीन भावाला आणि मान बहिणीला अशी वाटणी आहे. मान मोठा असल्यामुळे बहिणींना जमिनीचं काही वाटत नाही." लिहिलं, चहा केला, प्रकरण पुण्याला पाठवून दिलं.

चार दिवसांनी संपादकबाईंचा निरोप आला. मोठ्या अदबीनं लिहिलं होतं त्यांनी, "मॅडम, तुम्ही प्रत्येक ओळीला संदर्भ दिला आहे. फक्त शेवटच्या वाक्याला नाही. बहिणींना काही वाटत नाही, हे कुठून घेतलं?"

अस्सा राग आला मला! एकतीस वर्षं मुलांच्या वह्यांवर लाल शाई मी मारली, आणि ही काल आलेली पोर मला संदर्भ विचारते. चार पुस्तकं पुन्हा उलटली, इंटरनेट पालथं घातलं. ते वाक्य कुठंच नव्हतं. उलट तिथल्या बायका जमिनीच्या कायद्यात बदल मागताहेत, अशा बातम्या तेवढ्या सापडल्या. मी लॅपटॉप मिटला आणि उत्तर द्यायचं टाळलं. मग हे वाक्य मी आणलं कुठून? हा प्रश्न काही मिटला नाही.

त्याच आठवड्यात भाचीचा फोन आला. ही माझ्या भावाची मुलगी, नगरला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, तिचं नाव मीच ठेवलेलं. तिच्या भावाला मुलगा झाला होता. रविवारी मिरजगावला बारसं होतं आणि आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायला ती निघाली होती. मी म्हटलं, मीही येतेय. मग ती म्हणाली, "आत्या, सोमवारी मला रजिस्ट्री ऑफिसला न्यायचंय म्हणतात. कर्जतला. हक्कसोडीवर सही करायला."

हक्कसोड म्हणजे वडिलोपार्जित जमिनीतला आपला वाटा बहिणीनं भावाच्या नावानं सोडून द्यायचा, तो कागद. आमच्याकडं प्रत्येक बाईला हा शब्द ठाऊक असतो.

"तुला करायचीय का?" मी विचारलं.

"नाही गं. पण पप्पा म्हणाले, तुझ्या आत्यानं हसत हसत केली, तू कशाला तोंड वाकडं करतेस? मग मी काय बोलणार? तू केलीस म्हणजे बरोबरच असेल."

फोन ठेवला. आमचे वडील गेले त्या वर्षी मी सही केली होती. भावानं हिरवी साडी नेसवली, पुरणपोळी झाली, पाटावर मला पहिलं बसवलं. तेव्हापासून मी जाईन तिथं सांगत आले, "मी बाई हसत सही केली, एका शब्दानं वाकडं बोलले नाही." इतक्या वेळा सांगितलं की ते माझं भूषणच होऊन बसलं. टोंगाच्या बहिणींना काही वाटत नाही, हे वाक्य मी तिथूनच उचललं होतं. आणि आता माझी भाची त्याच वाक्यावर सही करायला निघाली होती.

रविवारी मिरजगावला पोहोचले. अंगणात मंडप, पाळण्याला झेंडूच्या माळा, चुलीवर घुगऱ्यांचं पातेलं. भावानं मला पुढची खुर्ची दिली, साडीचं पाकीट मांडीवर ठेवलं. त्याच्या खिशातून कागदाची एक घडी डोकावत होती, आणि कसली ते मला विचारावं लागलं नाही. पाळण्याच्या खालून-वरून बाळाला द्यायचं-घ्यायचं झालं. भाची पाळण्यापाशी वाकली. तिनं कानात कुर्र केलं की मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालणार, म्हणून सगळ्या हात उगारून तयार होत्या.

"थांब," मी म्हणाले. "नाव ठेवायचं नाही. मी रुसले."

मंडपात हशा पिकला. आमच्याकडं मानकरणीचं रुसणं म्हणजे कार्याचाच एक भाग असतो. साडी बदलली, हातापाया पडले की रुसवा निघतो. भाऊ हात जोडून आला. "काय चुकलं अक्का? रंग आवडला न्हाई का? उद्या बदलून आनतो."

"साडी झकास आहे. मला तुझ्या खिशातला कागद पाहिजे."

त्याचं हसू गेलं. हळू आवाजात म्हणाला, "ती घरातली गोष्ट हाय. पावन्यांफुडं कशाला?"

"मान पाहुण्यांपुढं देतोस ना? मग हेही पाहुण्यांपुढंच."

"अगं पन रीत हाय ती. तूच न्हाई का केली? हसत केलीस."

खरं सांगायची हीच जागा होती. आवाज वर्गातलाच निघाला. "खोटं बोलत होते मी. हसत नव्हती केली. सही करून आले आणि आठ दिवस शेवगावला रडले, भांडी घासताना, कुणाला कळू न देता. त्या हिवाळ्यात इथं आले. विहिरीच्या रानात हरभरा ऐन घाट्यात आला होता. लहानपणापासून मी तिथं वाकायचे आणि डहाळा उपटायचे. त्या दिवशी बांधावर उभी राहिले आणि वहिनीला विचारलं, घेऊ का गं चार डहाळे? वहिनी घे म्हणाली, चांगली घे म्हणाली. पण मी विचारलं होतं. माझ्या बापाच्या रानात मी विचारलं. ते मला अजून सलतंय. आणि तुम्ही या पोरीला माझंच उदाहरण देऊन तिथं उभी करताय."

पाळण्यातलं बाळ तेवढं हातपाय हलवत होतं. मला वाटलं, आता वहिनी चिडणार. ती घुगऱ्यांच्या पातेल्यापाशी होती, हातात डाव तसाच. म्हणाली, "वन्सं, मीबी दिलीया सही. माज्या भावाला. मीबी हसतच दिली म्हनून सांगती लोकांस्नी."

पाळण्यामागून एकीनं म्हटलं, "आमी तिघी बहिनींनी एकाच दिवशी दिली." दुसरी नुसतीच मान हलवत राहिली. हात उगारून उभ्या होत्या त्या सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या आत्याच होत्या. एकेकीचा हात खाली आला. भाऊ आपल्या बायकोकडं बघत राहिला. इतक्या वर्षांत हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं, आणि त्यानं विचारलं नव्हतं.

"लोकं म्हनतील पोरीनं वाटा मागितला," तो शेवटी म्हणाला.

"तिनं मागितला नाही. तू सोड म्हणालास," मी म्हटलं.

तेवढ्यात बाळाचा बाप, माझा भाचा, मंडपाच्या खांबापाशी होता तो पुढं आला. "पप्पा, राहू द्या," एवढंच बोलला. भावानं खिशातली घडी काढली, एकदा उलगडली, पुन्हा मिटली आणि माझ्या हातात दिली. "घे. उद्या कर्जत न्हाई. झालं समाधान?"

"झालं."

"लई डोक्यावर बसलीस बघ," तो म्हणाला, आणि डोळे पुसायला आत गेला. माझा भाऊ वाईट नाही, कधीच नव्हता. त्याला फक्त कुणी खरं सांगितलं नव्हतं, आणि त्यात मोठा वाटा माझा होता.

भाचीनं मग बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की ती "अगं आई गं, बास की!" म्हणून ओरडली. मी सालीचं कापड कुटणाऱ्या बायकांबद्दल पानभर लिहिलं होतं. ते कुटणं कसं असेल ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि भाची रानात गेलो. विहिरीच्या रानात हरभराच होता, घाटे टपोरे भरलेले. मी सवयीनं बांधावर थांबले आणि तोंडातून निघून गेलं, "घेऊ का गं चार डहाळे?"

ती आधीच आत शिरली होती. मागं वळून म्हणाली, "घे की आत्या. माझं रान आहे."

मी वाकले आणि दोन्ही हातांनी उपटले. चार नाही, चांगला भारा उपटला.

तेवढ्यात संपादकबाईंचा फोन आला. मॅडम, ते वाक्य राहिलंय, छपाई अडली आहे.

"काढून टाका," मी म्हणाले.

"चुकीचं होतं का?"

"खोटं होतं. त्या जागी लिहा, 'बहिणींना वाईट वाटतं.'"

"मॅडम, राग मानू नका, पण याला संदर्भ लागेल."

"तिथल्या बायकांच्या बातम्या आहेत, शेवगावला गेले की पाठवते," मी म्हटलं. "आणि अजून एक पाहिजे असेल तर माझंच नाव घाला."